गाण्याखाली राहिलेलं बोलणं

नंदनवन, नागपूर
(दुकानातूनच, भर दुपारी, गिऱ्हाईक नाही)

तीर्थरूप सिंधूताई यांना कृष्णकांतचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्ण वाकत नाही, पण कागदावर वाकायला काय जातं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल चोळता की नुसती बाटली उशाशी ठेवता? आमचे साडभाऊ रुपराव यांनी विहिरीवरची मोटर एकदाची बदलली, की अजून तिला शिव्या घालूनच चालू करतात? संत्र्याचा आंबिया बहार बरा धरला असं तुमची मिनल सांगत होती, ऐकून समाधान वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक, घर ठीक, तुळशीला पाणी घालतो, कुकर लावतो, शिट्ट्या मोजायच्या राहून जातात आणि भाताची पेज होते, तीही बरी लागते. मागच्या खेपेला तुम्ही रागावलात की हा माणूस दोन शब्द बोलतो आणि नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवून देतो. रागवा, तुमचा हक्क आहे. त्याचं कारण पुढे लिहीन, किंवा नाही लिहिणार, बघू. आजच्या काळात पत्र लिहितो म्हणून हसू मात्र नका. गोपिका म्हणायची, 'तुम्ही बोलता वऱ्हाडी अन् लिहिता मास्तरावानी, तं लिहीतच जा, घरात जरा इज्जत राहते.'

तर मुद्दा तुमच्या बहिणीच्या वर्षश्राद्धाचा. सभागृहात मोठ्या पडद्यावर गोपिकेचा व्हिडिओ लावायचा असं तुम्ही दिवाळीत ठरवलंत आणि मी छाती काढून हो म्हणालो. का नाही म्हणणार? कॅसेटच्या जमान्यापासून 'कृष्णकांत व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' हा बोर्ड या रस्त्यावर आहे. अर्ध्या नागपूरची लग्नं मी लावली, भटजींनी फक्त मंत्र म्हटले. आता शूटिंगला ड्रोनवाली पोरं आली, पण लग्नपत्रिकेचा व्हिडिओ अजून माझ्याकडेच बनतो, ज्यात नवरीचं नाव उजवीकडून उडत येतं, नवऱ्याचं डावीकडून, मध्ये दोन कबुतरं भेटतात. मिनल याला मोशन ग्राफिक्स म्हणते. आम्ही धंद्यात 'नाव नाचवणं' म्हणतो. पण मी फोन ठेवता ठेवता तुम्ही एक वाक्य बोललात, 'फोटो तं भिंतीवर बी आहे जी, तिले बोलताना दाखवा.' ते वाक्य माझ्या घशात अडकलं ते अजून खाली उतरलं नाही. गोपिकेला बोलताना दाखवायचं. बाई दिवसभर बोलायची, आणि मी दिवसभर कॅमेरा धरून असायचो. यात अवघड ते काय, असं मला वाटलं.

पहिलं अवघड हे निघालं की मला माझा धंदाच माहीत नव्हता. फॉरमॅट हा शब्द मी रोज वापरत होतो, पण त्याचा अर्थ मला एकच ठाऊक: गिऱ्हाइकाला लग्न दिलं की कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे साफ पुसायचं, पुढच्या लग्नाला रिकामं हवं म्हणून. बाकी फाईल चालली तर चालली, नाही चालली तर गिऱ्हाइकाचा टीव्ही खराब. (हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल! त्यातल्या काहींनी बिचाऱ्यांनी टीव्ही बदलले.) मग मिनलने पुण्याहून फोनवर माझी शिकवणी सुरू केली. तुमची लेक आता मोठ्या ऑफिसात हेच काम करते, अभिमान आहे, पण जी पोट्टी माझ्या अंगणात माती खायची तिने मला 'मावसाजी, लक्ष द्या' म्हणावं म्हणजे जरा जडच जातं. ती म्हणाली, तुम्ही एमपीफोर एमपीफोर करता ती नुसती पेटी आहे. आत माल कसा भरला त्या भरण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. संत्र्याची पेटी बाहेरून सारखीच, आत कोणी एकेक फळ कागदात गुंडाळतो, कोणी गवत घालतो, कोणी नुसतं दाबून कोंबतो. उघडणाऱ्याला ती रीत माहीत असेल तरच माल बाहेर निघतो. (संत्रेवाल्याची पोरगी, दुसरं काय सुचणार.) मला हे पटलं. संध्याकाळपर्यंत पटलेलं राहिलं, सकाळी विसरलो.

मी सुरुवात फुलांपासून केली. गोपिकेच्या फोटोवर वरून शेवंती पडते आहे असं करायचं होतं, कारण झेंडू तिला आवडत नसे. (पोळ्याच्या बैलाला घालतात ते मला काहून आणता, असं म्हणून तिने एकदा हार परत करायला लावला होता.) शेवंती छान नाचवली, एमपीफोर बनवला, फोटोवर ठेवला, तर शेवंतीच्या मागे हा मोठा काळा चौकोन. फुलं पडत होती खरी, पण गोपिकेचं तोंड काळ्या पाटीमागे. मिनल म्हणाली, आपण जो नेहमीचा कोडेक वापरतो त्यात पारदर्शकपणा राहत नाही, रिकाम्या जागेत तो काळं भरतो. त्यासाठी वेगळी रीत लागते, जिच्यात रंगांसोबत 'इथे काही नाही' हेसुद्धा जपून ठेवतात. मी म्हटलं, काही नाही ते कशाला जपायचं? ती म्हणाली, मावसाजी, तेच तर महत्त्वाचं. बरं बाबा. त्या रीतीने फाईल बनवली तर ती एवढी मोठी झाली की कॉम्प्युटरचं पोट फुगलं आणि पंखा असा ओरडायला लागला की बाजूचा किराणावाला गॅस सुटला म्हणून शटर ओढायला निघाला.

तरी मी हार मानली नाही. फाईल घेऊन सौरवकडे गेलो. सौरव म्हणजे आपल्या सभागृहात मोठा एलईडी पडदा लावणारा तो उंच पोरगा, तेरवीलाही माईक त्यानेच लावला होता. त्याच्या मशीनने ती मोठी फाईल ओळखच दाखवली नाही. 'काका, आपल्याकडे साधा एमपीफोरच चालते,' म्हणाला. मग मिनलला फोनवर धरून फुलं, फोटो, नाव सगळं एकत्र केलं, शेवटी साधा एमपीफोर काढला आणि सौरवच्या गोदामात चाचणी घेतली. ताई, काय सांगू! एवढ्या मोठ्या पडद्यावर गोपिका आली. शेवंती पडली, काळा चौकोन नाही, काही नाही. सौरवची माणसं केबल गुंडाळत होती, ती आपोआप उभी राहिली. एकाने टोपी काढली. सौरवने हात जोडले. आणि शेवटी कोपऱ्यातून दोन कबुतरं उडत आली, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरात उमटलं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!'

झालं असं की फुलांची चौकट मी जुन्या लग्नाच्या कामातून उचलली होती, नाव बदललं, पण ती ओळ फुलांच्या फाईलमध्येच भाजून बसलेली. वेगळी निघत नाही. भाजीत मीठ जिरल्यावर ते चमच्याने काढता येतं का? मिनलने नंतर शेवटचा तुकडाच कापायला लावला, ते जाऊ द्या. पण त्या गोदामात कोणी हसलं नाही हो. सौरवचे हात जोडलेले होते ते तसेच राहिले. मी मात्र हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो, आणि हसता हसता डावीकडे वळून बघितलं, कारण असं काही झालं की डावीकडे ती असायची.

ती डावीकडे का असायची ते तुम्हाला माहीत आहे. लाईट धरायला. सुरुवातीला माणूस ठेवणं परवडत नव्हतं म्हणून, नंतर तिला सवय लागली म्हणून. प्रत्येक लग्नात माझ्या डाव्या कानाशी उभं राहून तिचं चालू असायचं. 'त्या लाल पातळवाल्या काकूले घ्या, नाही तं रुसतीन. नवरदेवाचा काका पिऊन आला, तिकडे नका फिरवू. मांडवात कोणीच मामीले विचारून नाही राहिलं, तिचा एक घ्या वं बिचारीचा.' (मला 'वं' म्हणायची, बायकांशी बोलून बोलून जीभ तशीच वळायची.) हे सगळं कॅमेऱ्याच्या माईकमध्ये जायचं. आणि घरी आल्यावर मिक्सिंगला बसलो की पहिलं काम काय? मूळ आवाज बंद आणि त्यावर गाणं. सगळेच मिक्सिंगवाले हेच करतात. लोकांना आपल्या लग्नात भांडी पडल्याचा आवाज नको असतो, गाणं हवं असतं. म्हणजे बघा, नागपुरातल्या, मौद्यातल्या, भिवापुरातल्या कुठल्या कुठल्या लग्नांच्या खाली गोपिका बोलत होती, आणि मी प्रत्येक वेळी तिच्यावर एकेक गाणं टाकलं आणि कार्ड पुसलं. आता तिला बोलताना कुठून दाखवू? मोबाइलवर रेकॉर्डिंग म्हणाल तर तिला मोबाइल समोर धरला की ती तोंड मिटून फोटोला उभी राहायची.

चित्रंही धड नाहीत. ती फ्रेममध्ये येते ती चुकून, मागे कुठेतरी. एका लग्नाचा तुकडा त्या लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला, त्यात ती भिंतीशी बसून लसूण सोलते आहे. मोठा करून बघितला तर चेहऱ्याच्या जागी खिचडी. नाकातली चमकी, जी तुमच्या आईने दोघी बहिणींना सारखी केली होती, ती पार गेलेली. मिनलने समजावलं की लहान फाईल करायची तर कोडेक एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत जे हललं तेवढंच लिहून घेतो, जे हललं नाही ते मागच्यावरून तसंच चालवून घेतो. म्हणजे नाचणारी पोरं नवीन नवीन, आणि गोपिका भिंतीत जमा. मला असा राग आला की मी कॉम्प्युटरवर ओरडलो, अरे बोटं हलत होती तिची! पसाभर लसूण सोलला तिने तेवढ्या वेळात! किराणावाला पुन्हा बाहेर आला.

मग मिनलच्या लग्नाची आठवण झाली. तुमच्याकडच्या डीव्हीडीचं काय झालं ते मी मागे नरखेडला आलो तेव्हाच पाहिलं, रुपरावभाऊंनी ती पोपट हाकलायला संत्र्याच्या झाडाला टांगली आहे. (पोपट हलले नाहीत, पण मुलगी पुण्याला गेली.) तक्रार नाही, तिच्यातही गाणंच होतं. पण घरचं लग्न म्हणून मिनलच्या लग्नाची मिक्सिंग झालेली मोठी फाईल मी जुन्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. त्यात हळदीचा प्रसंग आहे. तुम्हाला आठवेल, तुम्ही गोपिकेच्या हातातून लाईट हिसकावून दुसऱ्याला दिला होता, की आज ती मावशी आहे, लाईटवाली नाही. म्हणून ती त्या दिवशी चक्क फ्रेममध्ये आहे, हळद लागलेली, समोर, उजेडात. ती सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघते आणि काहीतरी बोलते. चांगलं लांबलचक बोलते. आणि वर हळदीचं गाणं. मी ते पाहत बसायचो. ओठांवरून कधी वाटायचं 'जेवून घ्या' म्हणते, कधी वाटायचं दुसरंच काही. या वयात तसलं वाटून घेणं शोभत नाही, पण बघणारं कोणी नव्हतं.

मिनलला हे सांगितलं तर ती म्हणाली, मावसाजी, पेटीत चित्र एक असलं तरी आवाज दोन असू शकतात. साधा प्लेअर वरचाच वाजवतो. तुम्ही तो केशरी शंकूवाला प्लेअर घ्या आणि आवाजाच्या यादीत बघा. मी बघितलं. ट्रॅक एक. ट्रॅक दोन. ताई, मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, दोनच होते. फाईल बनवताना मी कुठल्या तरी चौकोनात नको ती खूण केली असणार, म्हणून मूळ आवाज गाण्यासोबत वेगळा तसाच भरला गेला. आयुष्यभर समजून उमजून केलेली सगळी सेटिंगं चुकली आणि न समजता केलेली ही एक कामी आली.

ट्रॅक दोन लावला. आधी माझाच खोकला. मग तुमचा मांडव, भांडी, कोणीतरी मीठ मागतंय, एक पोरगं रडतंय. मग 'अहो' ऐकू आलं. एवढं स्वच्छ की मी मागे वळून पाहिलं. आणि त्याच क्षणी, ताई, बाहेर धुमाल सुरू झाली. रुपरावभाऊंनी लेकीच्या हौसेपायी छत्तीसगडातून बोलावलेली धुमाल पार्टी, ते ढोल, तो बेंजो, तो कर्णा. मांडवाचे बांबू हलत होते हो! गोपिका बोलते आहे, हात हलवून बोलते आहे, तिच्या बाजूच्या बाईला हसू आवरत नाही, आणि ऐकू येते फक्त धुमाल. शेवटी वाजवणाऱ्याने दम घ्यायला हात थांबवला असेल, तेवढ्या फटीतून तिचं शेवटचं आलं, 'आयकून राहिले ना तुम्ही?' पुन्हा धुमाल. आणि माझा आवाज, 'हां हां, जरा उजेडात सरक.'

मी दुकानात बसल्या बसल्या मोठ्याने 'हो' म्हणालो. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, मुलीच्या साखरपुड्याचं नाव नाचवायला आलेलं, त्याला वाटलं त्यालाच म्हणालो. तो येऊन बसला. मी रडत होतो आणि तो बिचारा सांगत होता की कबुतरांऐवजी मोर करता येतील का.

मिनलने तो तुकडा मागवून घेतला. आता म्हणे कॉम्प्युटर आवाजातून आवाज वेगळा करतो. तिने दोन-तीन प्रकारे करून पाहिलं. धुमाल निघाली, पण तिच्यासोबत गोपिकाही निघून गेली, मागे राहिलं ते पिंपात बोलल्यासारखं काहीतरी. पोरगी फोनवर रडायला लागली की माझ्याच लग्नाच्या बाजाने मावशीला खाल्लं. मी तिला म्हटलं, बाई, धुमाल फर्स्टक्लास होती, सगळं नरखेड नाचलं, तुझी मावशीही नाचली. हे तुम्ही रुपरावभाऊंना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

तेव्हा वर्षश्राद्धाला व्हिडिओ होईल, त्यात फोटो असतील, शेवंती असेल, काळा चौकोन नसेल, लग्नाला यायचं आमंत्रण नसेल. सौरवला चालतो त्याच साध्या एमपीफोरमध्ये देतो आहे. पण तिला बोलताना दाखवता येत नाही, तेवढी माफी असावी. एक 'अहो' आणि एक प्रश्न, एवढंच आहे, ते सभागृहातल्या लोकांना ऐकवावं असं मला वाटत नाही. रुपरावभाऊंना नमस्कार, गुडघ्याला तेल लावा.

आपला
कृष्णकांत

ता. क. भिवापुरी मिरचीचं तिखट पाठवते म्हणालात, पाठवू नका. गोपिकेने भरून ठेवलेल्या बरणीत तळाशी थोडं शिल्लक आहे. मी सध्या फिक्कंच खातो, म्हणजे ते पुरेल.

दुसरा ता. क. वर मी 'बाजूच्या बाईला हसू आवरत नाही' असं लिहिलं आहे. ती बाजूची बाई तुम्ही आहात. गोपिका बोलली ते तुम्ही ऐकलंत, हसलात, आणि तिच्या पाठीत धपाटा घातलात, स्पष्ट दिसतं. ताई, ती काय म्हणाली होती? एवढंच विचारायचं होतं. पेटी आणि कोडेकशी तुमचं काही देणंघेणं नाही हे मला माहीत आहे, पण थेट विचारायला जमेना म्हणून इकडून तिकडून आलो. उत्तर पत्रानेच द्या, फोन करू नका. नंदनवनात नेटवर्क चांगलं आहे. तुम्ही फोनवर 'हॅलो' म्हणता ते हुबेहूब तिच्यासारखं म्हणता, म्हणून मी ठेवून देतो.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फाडलं. ताई, फोनच करा. आठवत नसन तं मनानं काही बी सांगा, मले चालते, फक्त आधी थोडं आठवल्यावानी करजा. अन् लांबलचक सांगजा. या खेपेले मी फोन ठेवत नाही. आयकून राहिलो.